साक्ष

विमान पाण्यावरच उतरलं. दोन मोजणीदार,
मांडीपर्यंत बूट, तिपाई, आणि एक छापील प्रश्न:
एकोणीसशे एकोणसाठ साली, अलास्का राज्य झालं तेव्हा,
या नदीतून नाव चालत होती का?

मी आजोबांना युपिकमध्ये विचारलं.
मॅक्सी वसिली हसले, उरलेल्या चार दातांनी.
चालत होती का म्हणे!
स्प्रूसच्या फळ्यांची, बापानं ठोकलेली,
मागे सुकवलेला सामन, पुढे भुंकणारी कुत्री,
धाकटी बहीण तर तिच्यातच जन्मली, त्या वाकणाशी.
मीठ संपलं की कुस्कोक्विमपर्यंत दोन दिवस.
आणि ऑगस्टात, पाणी उतरल्यावर,
दोरी खांद्यावर घेऊन ओढायची;
तळव्यांना तेच गोटे, दरसाल, ओळखीचे.

पोरगेला मोजणीदार पेन उघडून बसलेला.
आजोबांना कुणी सांगितलं नव्हतं,
मीही नाही,
की नाव चालली तर तळ राज्याच्या नावावर,
वाळू, गोटे, खाली असेल ते सोनंसुद्धा.
अडली तर गावाच्या.

'काय म्हणतात?'

नदीकडे न बघता मी म्हणाले,
'म्हणतात, ओढावी लागायची.'

इंग्रजी न कळणारे आजोबा
समाधानानं मान डोलवत होते.