बर्फाच्या कारखान्यातली वही

हर्णैला बर्फाच्या कारखान्यात नोंदी मी करतो.
जी होडी आधी लागली, तिचा बर्फ आधी.
साडेचारला हेरंबकृपा, बावीस लाद्या.
चार पन्नासला दर्याकन्या, चौदा, त्यातली एक फुटकी.
खाडाखोड दिसली की शेठ ओरडतो.

फोनात तसं नाही.
फोनात गुरुवारनंतर सोमवार येतो,
मग कुणाचं तरी बारसं; पोर आता रांगतंसुद्धा.
नंदू चोगल्याचा बाप दापोलीला दवाखान्यात होता.
‘रक्त हवंय, बी निगेटिव्ह.’
माझंही तेच.
मला ते दिसलं दहाव्याच्या सकाळी,
एका नाचणाऱ्या बोकडाच्या खाली.
बोकडाला चार हजार जणांनी बदाम दिला होता.

भाचीने मग सेटिंग बदलून दिलं:
नवं ते वर, ओळीने.
दोन दिवस बरं वाटलं.
पण ओळीने म्हणजे सगळंच आलं,
पापलेटचे भाव, सुप्रभात, पुन्हा पापलेटचे भाव.
नंदूने त्यानंतर काहीच टाकलेलं नाही.
पंधरा मिनिटांत तळ लागला,
सुकतीला जेटीखाली दिसतो तसा:
चिखल, दोरखंड, एक चप्पल.

परवापासून वारा आहे.
नूर-ए-दर्या अजून लागली नाही.
आज नवं पान काढलं, तारीख घातली
आणि सगळ्यात वर,
वेळेची जागा कोरी ठेवून,
तिचं नाव लिहिलं.
खाली हेरंबकृपा, चार दहा.

शेठने पाहिलं.
बोलला नाही.