कॅम्बर

कागदावर पूल मधोमध फुगवला,
चाळीस मिलिमीटर.
काच वर करून जेसंगभाई म्हणाले,
“बेन, वांको?”
माणसं चढली की होतो सरळ.

खाली विश्वामित्रीच्या गाळात मगर,
तोंड उघडं टाकून.

मेमध्ये पोलाद लांबतं म्हणून
एका टोकाला बोटभर फट ठेवली.
वाळूची पोती रचली. पूल एकोणीस मिलिमीटर दबला,
पोती उतरवताच परत वर.
त्या रात्री मी पोटभर जेवले.

उद्घाटनाआधीच घोरपडेबाई
शेवउसळीची गाडी घेऊन पायऱ्यांपाशी थांबल्या.
“किती पेलतो गं?”
“हजार माणसं.”
“आणि ही?”

पायऱ्या अकरा.
चाकांचा हिशेब मी कुठेच केला नव्हता.

उसळीच्या पातेल्याची एक कडी त्यांनी धरली,
एक मी.
मधोमध आल्यावर
पूल जरासा हलला.