सहावी चाल

जानेवारीतलं ग्वाल्हेर. धुकं इतकं
की लष्करातल्या शाळेच्या फाटकाशी गाडी लावताना
वर किल्ला आहे की नाही, कळेना.
चौथी फेरी, सातवा पट. समोर
मुरारची गुंजन भदौरिया, वय बारा,
कानटोपी, खिशात गजकचा पुडा कुरकुरतोय.

मी पांढरा. राजापुढचं प्यादं दोन घरं.
तेहतीस वर्षं हेच.
मग घोडा, मग उंट. तिचाही घोडा, तिचाही उंट.
व्याहीभेट चालावी तसं सगळं
ठरल्या क्रमाने, कुणी कुणाला न दुखावता.

या चाली माझ्या नाहीतच.
खिरवडकर सरांच्या वहीतल्या.
दौलतगंजच्या दुकानात घड्याळं उघडी टाकून
डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणायचे,
"दहापर्यंत पाठ कर.
पुढे तू आणि तुझं कपाळ."
आणि समासात, निळ्या शाईत:
कडेची प्यादी हलवणे हे रिकामपणाचे लक्षण.

मी किल्लेकोट केला. मफलर सैल केला.
सहाव्या चालीला तिनं
कडेचं, हत्तीपुढचं प्यादं
दोन घरं सरकवलं
आणि पाणी प्यायला उठून गेली.

बावीस मिनिटं.
पाचवं पान आठवलं, सातवं आठवलं,
सरांचा चहाचा डाग आठवला.
हे प्यादं कुठल्याच पानावर नव्हतं.
पंच दोनदा येऊन उभे राहिले,
हातात पेन, नजर घड्याळावर.
शेवटी मी घोडा मागे घेतला.
घोडा मागे घेतला की माणसाचं वय दिसतं.

त्रेचाळिसाव्या चालीला हात पुढे केला.
तिचा हात बर्फासारखा.

बाहेर बाकावर पट मांडून विचारते,
"अंकल, घोड़ा पीछे क्यों?"
म्हटलं, घाबरलो. वहीत नव्हतं ना तुझं प्यादं.
ती हसली नाही. म्हणाली,
मोबाईलनं सांगितलं होतं, सहाव्याला हेच खेळ.
का, ते नव्हतं सांगितलं.
सातव्यापासून मग मी
तुमच्या तोंडाकडे बघत खेळले.

सरांच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात.
हे तिला सांगणार होतो, राहिलं.
पट पुन्हा सहाव्या चालीवर लावला,
तिनं गजक मोडला,
दोन तीळ पडले पटाच्या मध्यावर,
काळ्या घरात एक, पांढऱ्यात एक.
कुणीच झटकले नाहीत.
आता चाल माझी होती.