उतरलेला आकडा

मार्चची सकाळ, डुलूथ.
सरोवराचा बर्फ अजून काठ धरून बसलेला.
आर्विड निएमी दार ढकलून आत येतो,
कानटोपी काढत नाही,
घडीचा कागद माझ्या काउंटरवर उलगडतो,
दुखऱ्या जागेवरची पट्टी सोडावी तसा.

"मागच्या महिन्यात सातशे ब्याऐंशी.
आज सातशे एक्कावन्न.
मधल्या काळात मी एकच गोष्ट केली, मार्लिस.
ट्रकचं कर्ज फेडलं."

बहात्तर हप्ते. एकही चुकला नाही.
गुडघा कापला त्या महिन्यातही नाही.
आयलीन गेली त्या महिन्यात तर
चेक दोन दिवस आधीच आला होता,
सही ओळीवरून घसरलेली. मीच जमा केला होता.

आणि आता हा माणूस हळू आवाजात विचारतो,
मी कुणाचं काही बुडवलं का?

मी सांगते, रोज कुणाला तरी सांगते तसं:
खातं मिटलं ना, म्हणून.
चालू हप्ता तुमचा तो एकच होता.
उरलं एक कार्ड, त्यावर महिन्याचं पेट्रोल.
तुम्ही फेडलंत हे यंत्राला दिसतं,
पुढेही फेडाल का, ते बघायला त्याच्यापाशी फारसं काही चालू नाही.
नेमके किती गुण कशाने गेले
ते आम्हालाही कळत नाही.
थांबा काही महिने. येईल वर.

"माझा बाप किराणा उधारीवर आणायचा," तो म्हणतो.
"हिशेब चुकता केला की दुकानदार
वहीतलं पान फाडून त्याच्या हातात द्यायचा.
वर एक सफरचंद, माझ्यासाठी.
पत त्या दिवशी वाढायची."

माझ्याकडे सफरचंद नाही.
मागे प्रिंटर उगाच एक कोरा कागद ओकतो.

ताप उतरतो, ओझं उतरतं,
माणूस मनातून उतरतो.
एकाच शब्दाला किती कामं लावलीत आपण.

चौतीस वर्षं तो खनिजाच्या धक्क्यावर होता.
खिडकीतून बंदराकडे बघत, मला नाही, काचेला सांगतो:
"जहाजाच्या नाकाडावर आकडे रंगवलेले असतात, खालून वर.
माल भरला की जहाज बसतं,
पाणी मोठ्या आकड्याला टेकतं.
रिकामं झालं की उचलतं,
आणि पाणी लहान आकड्यावर."
थांबतो. नाक पुसतो.
"बुडालंय किती, तेवढंच त्या आकड्याला कळतं."

मग ट्रकच्या मालकीचा कागद मागतो,
ज्यावर आता आमचं नाव नाही.
दोनदा वाचतो. पाकीट मागतो,
खिडकी नसलेलं.

बाहेर ट्रक पहिल्या झटक्यात सुरू होत नाही.
दुसऱ्यात होतो.

माझ्या पडद्यावर त्याचं खातं राखाडी झालंय.
शेजारी एक चौकोन लुकलुकतो:
सभासदाला नवं कर्ज सुचवा.
मी तो मिटते.
तो पुन्हा उघडतो.