चारशे तीस ग्रॅम

चाकं आली सुटकेसमधून,
दोन स्वेटरांच्या मधे, परक्या साबणाचा वास घेऊन.
ज्याची होती, तो किफ्लोम, आला नाही.
त्याच्या मावशीने ती माझ्या दुकानाच्या उंबऱ्यावर टेकवली,
म्हणाली, लुवामला दे. तिला जमेल तेवढे घे.
आणि चाकांकडे पाठ करून घाम पुसत उभी राहिली.

लुवाम बाहेरच्या बाकावर.
मांडीवर हेल्मेट, हेल्मेटमध्ये बक्षिसाचे नाकफा,
तीनदा मोजून चुरगळलेले.

समोरच्या लेतेब्रहानकडून
कॉफीच्या बियांचा तराजू मागून आणला.
जुनी जोडी: एकोणीसशे दहा.
ही कार्बनची: चौदाशे ऐंशी.
वजाबाकी लेतेब्रहाननेच केली, बोटांवर.
"चारशे तीस! एवढी कॉफी
माझ्या घरात आठवडाभर पुरते."

"नेफासितचा चढ," लुवामने विचारलं, "किती वाचतील?"
फुगवून सांगता आलं असतं.
अस्मारात काय, कुठेही,
सायकलची दुकानं त्याच हवेवर चालतात.
"पंचवीस सेकंद. वारा झोपलेला असेल तर."
ती हसली नाही.
मागच्या शर्यतीत एकोणिसांनी हरली होती.

पण सायकल म्हणजे एकत्र कुटुंब.
एकाला नवा सदरा शिवला
की बाकीचे जेवत नाहीत.
या हबवर अकरा चकत्यांची कॅसेट बसते,
तिची आहे दहाची.
मधे घालायला एक वॉशर हवा; तो निघाला
बिस्किटांच्या डब्यातून, बापाच्या काळातल्या.
तेवढं भागलं.
ब्रेकचं भागेना.
कार्बनला साधं रबर चालत नाही,
उतारावर रिम तापते, रबर लोण्यासारखं सुटतं,
आणि शर्यत आधी नेफासितला उतरते, मग परत चढते.
त्या उताराला ढग आहेत, माकडं आहेत,
एखाद्या वळणावर उंट असतो,
त्याला शर्यत आहे हे कोणी सांगितलेलं नसतं.
खास पॅड मिळतात. मिलानमध्ये.

"बुचाचे कापून दे."
बापाने दिले असते. मी देणार नाही.
"मग जुन्यावर उतरते. खाली तू उभा राहा,
तिथे बदल."
बदलायला मला चाकामागे अठरा सेकंद लागतात.
दोन चाकं. तिने हिशेब केला,
आणि माझ्या हातांकडे जरा रागाने पाहिलं.

आतली फीत बदलावी म्हणून उचकटली.
खाली रिमवर, पेनाने, आमच्या अक्षरांत:
मागे साडेसात, पुढे सात. पावसात अर्धा कमी.
त्या गावात ही अक्षरं
दुसरं कोण वाचणार होतं?
लुवामने अंगठा त्यावर ठेवला, पुसला जाईल म्हणून लगेच उचलला.
"किफ्लोमचं वजन किती होतं?"
"तुझ्यापेक्षा अठरा किलो जास्त."
"आणि मी आठ भरते."
"दगड करून ठेवतेस. कितीदा सांगितलं."
"तू सांगितलंस," ती म्हणाली, जणू ते वेगळं.

रविवारी ती जुन्याच चाकांवर गेली.
मागे सहा, पुढे साडेपाच.
हवा कमी करायचे मी पैसे घेत नाही.
नवी साखळी मात्र घातली, तिचे घेतले.

सहा सेकंदांनी दुसरी आली.
सायकल भिंतीला लावून पाणी प्यायली,
मग म्हणाली, उतारावर टायर पहिल्यांदाच
रस्त्याशी बोलत होता.
काय बोलला, ते सांगितलं नाही.

चाकांचे पैसे तिने पूर्ण दिले.
मावशीने त्यातले निम्मे परत पाठवले,
ते तिने पुन्हा पाठवले; अजून तो वाद चालू आहे.
चाकं माझ्या दुकानात खिळ्यावर.
मिलानहून कोणी येणार असेल तर
मी विचारून ठेवतो: सामानात चार पॅड बसतील का?
चिमूटभर वजन.
कोणी हो म्हणतं, मग येतच नाही.

सरावावरून परतताना ती रोज थांबते,
पुढच्या चाकाला बोट लावते.
बेअरिंग इतकं छान की आवाजच नाही.
मी शटर ओढतो,
तरी ते आत फिरत असतं.