कोळ्याची गोष्ट

निवतीत ती उतरली तेव्हा
मागे वाळूत रेघ काढत येत होती पत्र्याची पेटी.
ओडेट, तिनं नाव सांगितलं.
पोरांनी पेटी बघून केलं ओढतबाय,
आणि तेच राहिलं.

दूरच्या बेटावरची. कविता लिहायची, चित्रं काढायची,
आणि म्हाताऱ्यांकडून गोष्टी गोळा करायची
आमच्याकडे तिसऱ्या काढतात तशा :
ओहोटीला, वाकून, बोटांनी चाचपत.
मी परुळ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो,
म्हणून दुभाषा.

तिचा नियम होता : गोष्ट फुकट घ्यायची नाही.
भागिर्थी कुबलनं जाळं सांधता सांधता तिला गिऱ्हा दिला,
रात्री खाडीत कुस्ती खेळणारा.
बदल्यात ओडेट म्हणाली, माझ्या आजीचा स्पायडर.
मी म्हणालो, कोळी.
भागिर्थीची सुई थांबली.
'खंयच्या बंदरातलो?'

तिथंच सुधारायला हवं होतं.
पण पुढचं सगळं बसतच गेलं :
तो जाळं विणायचा, उपाशी असायचा,
सावकाराला फसवताना स्वतःच फसायचा,
वादळात एका धाग्याला जीव टांगून राहायचा.
'आमचोच तो,' भागिर्थी म्हणाली. 'पण आठ पाय कशे?'
'चार माणसं, एक होडी,' मी म्हणून गेलो.
ओडेटनं तेही उतरवून घेतलं. खाली तारीख.

एका चक्रीवादळात तिच्या अकरा वह्या गेल्या होत्या.
तेव्हापासून ती दोन प्रती करायची,
एक जिथली तिथं ठेवायची.
(निवतीची माझ्याकडे होती. कसर लागली.)

जाताना भरती-ओहोटीच्या तक्त्याच्या पाठीवर
काजूच्या चिकानं तिनं भागिर्थी काढली, आठ हातांची.
'बरे गावले,' भागिर्थी म्हणाली, 'मासळी कापूक.'

ओडेट गेल्याचं कार्ड सात महिन्यांनी आलं.
वाचून दाखवायला भागिर्थीही नव्हती.

परवा जेटीवर एक मुलगी धाकट्या भावाला सांगत होती,
निवतीच्याच एका कोळ्याची गोष्ट. आठ पायांची.
'चार माणसां, एक होडी,' ती म्हणाली.
विचारलं, कुणी सांगितली गो?
'कोणी नाय. ती आसाच.'

फुकट कशी घेऊ?
दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसलो.
म्हटलं, ऐक. एक बाई होती,
पेटी ओढत आलेली