माशी जागेवर आहे

आधी बोल्ट उघडून पाहिला. आत गोळी नाही.
मेलेल्या माणसाच्या बंदुकीलाही
मी पहिल्यांदा हेच विचारतो.

साइमी टेबलापलीकडे उभी, कोट न काढता.
तिच्या बुटांचं बर्फ माझ्या फरशीवर पाणी होत होतं.
"नळीची लांबी मूळची आहे का, तेवढं सांगा.
कुह्मोचा एक माणूस घेतोय.
कापलेली असेल तर निम्मेच देईन म्हणतो."
मग हातमोज्यातून तिनं लोखंडाचा तुकडा काढला,
चार बोटं लांब,
आणि बंदुकीशेजारी ठेवला
बाळाची वाळलेली नाळ ठेवावी तसा.

"सत्तावन्न सालचा ऑक्टोबर.
बाबांनी एल्कची मादी पाडली.
तिचं पिलू दोन दिवस तिथंच उभं होतं,
मी पाहिलं होतं, सहा वर्षांची होते.
त्या रात्री बाबांनी नळीचं तोंड करवतीनं कापलं.
हा तुकडा माझ्या हातात दिला.
म्हणाले, घे, संपलं."

चार बोटं कापली म्हणून बंदूक शिकार सोडत नाही.
हे मी बोललो नाही.

बोल्ट बंद केला. तोंडाकडून गज आत सोडला,
हळू, तळाला टेकल्याचा
टक् असा बारीक आवाज येईपर्यंत.
तोंडापाशी गजाला चिकटपट्टीची खूण,
गज बाहेर, पट्टीवर आडवा.
साठ सेंटिमीटर. वर एक केस.
जुन्या यादीत या जातीला साठच लिहिलेत.

पण आकड्यावर मी एकट्यावर विसंबत नाही.
भिंग घेतलं.
कापलेल्या नळीवर माशी परत बसवावी लागते,
आणि बसवणाऱ्याचा हात दिसतोच:
डाखाचा ओघळ, किंवा केसभर डावीकडे कललेली.
ही कारखान्यातून निघाली तेव्हापासून इथंच बसलीय.
काळा मुलामा तोंडाच्या कडेपर्यंत सलग,
फक्त कातडी म्यानाशी घासून जरा तपकिरी.
तोंडाची गोलाई यंत्राची.
असा गोल तावेत्तीच्या स्वयंपाकघरात
कानशीनं निघाला नसता.

मग तुकडा उचलला, खिडकीकडे धरला.
आरपार पाहिलं.
बंदुकीच्या पोटात आटे असतात,
वळत वळत उजेडाकडे जाणारे.
याचं पोट गुळगुळीत.
आणि दोन्ही टोकांना करवत.
नळीचं तोंड असतं तर एक टोक तरी घडवलेलं असतं.

"पाइप आहे," मी म्हणालो. "पाण्याचा."
ती बराच वेळ गप्प.
"सौनाचा," ती म्हणाली.
"त्या हिवाळ्यात सौनाचं पाणी बादलीनं आणायचो.
पाइप गोठून फुटला, असं आई सांगायची."

बाहेर कुणी तरी गाडी चालू करू पाहत होतं. होत नव्हती.

"बंदूक कुठं असायची?"
"दारावर. वर, आढ्याजवळ."
सहा वर्षांच्या मुलीला बंदुकीची लांबी कळत नाही.
तिला फक्त उंची कळते.

"पण मांस तर असायचं,"
ती आता माझ्याशी बोलत नव्हती,
"दर वर्षी खारवलेलं, पिंप भरून.
आई म्हणायची, वाल्फ्रिदनं पाठवलं.
वाल्फ्रिदला तर
बंदूकच नव्हती."

मी कागद ओढला. लिहिलं:
नळी साठ सेंटिमीटर. मूळ. माशी जागेवर.
खाली सही, तारीख.
कुह्मोचा माणूस आता पूर्ण किंमत देईल, म्हणालो.
तिनं कागदाची घडी केली, पण खिशात घातली नाही.

तुकडा तिनं माझ्याकडे सरकवला.
"याचंही माप घ्या."
"याचं कशाला?"
"घ्या."

पट्टी लावली. एक्क्याऐंशी मिलिमीटर.
एका टोकाला करवत दोनदा घसरली होती,
थंडीत, किंवा घाईत,
किंवा शेजारच्या खोलीत मूल जागं असताना
आवाज होऊ नये म्हणून.

"लिहा," ती म्हणाली, "मूळ."
मी लिहिलं.